पुसलेल्या रेघा

खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुजावीत, हे मला मान्य आहे. माझा हातोडा मीही पुजते. पण संशोधनाचे दगड थिनर लावून घासायचे, ही अक्कल कुठून आली?

मलकापूरच्या बाहेर आमची पत्र्याची शेड आहे. खोल बोअर मारून, आपल्या काळ्या कातळाच्याही खालून काढलेल्या फार जुन्या, पट्टेदार दगडाचे गोल दांडके तिथे पेट्यांत ठेवलेले असतात. प्रत्येक तुकड्यावर एक लाल आणि एक निळी रेघ. वरची बाजू कोणती, उत्तर कुठे, हे त्या रेघांवरूनच कळतं. हा दगड आधी कुठून दाबला गेला, मग कुठून पिळला गेला, याचा क्रम मी दोन वर्षं त्यांच्याच भरवशावर लावत होते. प्रबंधाला चार महिने उरले होते.

सणाला वडूजला घरी जाऊन परत आले, तर सगळे तुकडे चकाचक. रेघा गायब. गुलाबी एका पेटीत, काळपट दुसरीत, वर हळदकुंकू. शेडचे राखणदार मामा, जतकडच्या मेंढपाळ घरातले, कौतुकाची वाट बघत उभे. मी त्यांच्यावर इतकी ओरडले की आज आठवलं तरी लाज वाटते. ते एवढंच म्हणाले, की पाहुणे येणार म्हणून साहेबांनीच डाग काढायला आणि दगड रंगाप्रमाणे लावायला सांगितलं होतं.

मी तडक प्रकल्पाच्या साहेबांकडे गेले. ते चहा पीत म्हणाले, "दगडाचं वय तर बदललं नाही ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वय नाहीच बदललं. आतल्या बारीक कणांवरून ते उद्याही काढता येईल. पण एवढ्या वयात त्यानं काय काय सोसलं, ते आता कोण सांगणार? साहेबांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. राखणदारानं पूजेच्या नावाखाली, स्वतःच्या मनानं नमुने खराब केले, सबब त्याला कामावरून काढावं. साक्षीदार म्हणून मी सही केली, तर प्रबंधाला वर्षभर मुदत मिळणार होती.

कागद घेऊन मी शेडवर आले आणि मामांना वाचून दाखवला.

"आवं म्याडम," ते म्हणाले, "मेंढराच्या पाठीवरची रंगाची खूण आमी कवा पुसत न्हाई. ही बी खूण हाय, असं मला कुनी सांगितलं व्हतं का?"

नव्हतं सांगितलं. दोन वर्षं रोज त्यांच्या हातचा चहा प्याले आणि एकदाही सांगितलं नाही. साहेबांवरचा राग तिळभर कमी झाला नाही, पण त्यात माझाही वाटा निघाला. कागदावरचं मामांचं नाव मी खोडलं. तिथे आधी साहेबांचं लिहिलं, मग माझं, आणि खाली सही केली.