तीनपट भाव

१४ मार्च १९८०. दुपारी मी भिवापूरच्या मिरच्यांची देठं खुडत होते. समोर माझे यजमान आणि गांधीबागेत कापडाचं दुकान असलेले धाकटे दीर. यजमान मे महिन्यात रेल्वेतून निवृत्त होणार होते, म्हणजे क्वार्टर सोडायचं. घर बांधायला साठवलेले तीस हजार एका मँगनीज कंपनीच्या शेअरमध्ये घाला, असं दीर म्हणत होते.

“भाव एकशेवीस, शेअरमागं नफा चाळीस. पीई फक्त तीन, म्हणजे नफ्याच्या तीनपट भाव. बाकी कंपन्या नफ्याच्या दहा-बारापट भावात विकून राहिल्या.”

“मग हीच इतकी सस्ती काहून?” मी विचारलं.

“वहिनी, तुम्ही मिरच्या पाहा.”

यजमान हसले. चेक न्यायला उद्या दहाला येतो, असं सांगून दीर गेले.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं नव्हतं. सासऱ्यांनी घेतलेले याच कंपनीचे शंभर शेअर आता यजमानांच्या नावावर होते. कंपनीचे वार्षिक अहवाल मी फडताळात डब्यांखाली अंथरले होते. सासरे दर पाडव्याला पेपरातला भाव अहवालाच्या पाठीवर लिहीत. मी डबे उतरवले. हात दोनदा धुतले तरी बोटांची आग होत होती. तशीच भावाला नफ्याने भागत बसले.

१९७१ : भाव चाळीस, नफा दोन, पीई वीस. महाग वाटावा असा. १९७४ : नफा तीस, भाव नव्वद, पीई तीन. १९७६ : नफा तीन, भाव बेचाळीस.

म्हणजे पीई वीस असताना घेणारा कमावून गेला आणि तीन असताना घेणारा बुडाला. परदेशात पोलादाला मागणी आली की खाणीचा नफा फुगतो, गेली की बसतो. बाजाराला हे ठाऊक असतं, म्हणून भरभराटीच्या नफ्याला तो फार किंमत देत नाही. शेअर स्वस्त नव्हता. नफाच शिगेला पोचला होता.

संध्याकाळी यजमानांपुढे अहवाल ठेवले. त्यांनी स्वतः तीनदा भागाकार केला.

“माहा भाऊ आहे तो. त्याले काय सांगू?”

“वडिलांचं अक्षर दाखवा.”

“नाराज होईल.”

“होऊ द्या. मे महिन्यात सामान कुठं न्यायचं ते सांगा.”

त्यांनी कपाटातून चेकबुक काढलं. मग लिहून ठेवलेला चेक फाडला आणि मी पुढे केलेल्या, शेअर विकायला लागणाऱ्या हस्तांतरणाच्या कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी दहाला दीर आले. मी चहाच्या कपाशेजारी सासऱ्यांचे ते शंभर शेअर आणि सहीचा कागद ठेवला, म्हटलं, “एकशेवीसनं विकून द्या, भाऊजी.”