व्हीलचेअर फक्त मतदानापुरती

“साहेब, आत चाळीस खुर्च्या हायेत. म्या एकच मागायलोय.”

लिंबाजीमामा रिक्षातूनच बोलत होते. त्यांना उतरता येत नव्हतं, म्हणून मीच कचेरीच्या गेटपर्यंत गेलो होतो. मामा आमचे कोतवाल, म्हणजे महसूल खात्याचे गावातले सेवक. मी तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या एका तहसीलमध्ये निवडणूक शाखेचा नायब तहसीलदार होतो. मतदान केंद्रांसाठी आलेल्या व्हीलचेअर टेम्पोतून उतरवताना मामांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण मामा काही पुन्हा उभे राहिले नाहीत.

त्यांनीच उतरवलेल्या खुर्च्यांतली एक ते मागत होते. त्यात गैर काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. नियम मात्र मी घडाघडा सांगितला.

नियम सोपा आहे. सरकारी पैसा ज्या हेडखाली, म्हणजे ज्या खर्चाच्या नावाखाली येतो, त्याच कामाला लावायचा. निवडणुकीच्या हेडमधून घेतलेली वस्तू निवडणुकीलाच वापरायची. ती डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत चढते. खराब झाली तरच तिथून निघते, तेही वरच्या मंजुरीनं. नियम वाईट नाही. तो नसता तर निम्मी कचेरी लोकांनी घरी नेली असती.

नेली नव्हती असंही नाही. निवडणुकीचा कलर प्रिंटर तहसीलदारांच्या बंगल्यावर होता, त्यांच्या मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी. तो पोचवायला गाडी मीच दिली होती.

तरी मी मामांसाठी नोट टाकली. तहसीलदारांनी केबिनमध्ये बोलावलं.

“शाखेत किती वर्षं झाली तुम्हाला?”

“पाच, सर.”

“मग उद्या ऑडिटवाल्यांना उत्तर कोण देणार? लिंबाजी?”

“तात्पुरत्या पावतीवर देऊ, सर. पुढच्या मतदानाआधी परत घेऊ.”

“अहो, एकाला दिली की दहा येतील. फाइल बंद करा.”

प्रिंटरचं अगदी जिभेवर आलं होतं. पण प्रमोशनची यादी लागायची होती. मी फाइल बंद केली.

पुढची निवडणूक आली तेव्हा गोडाऊन उघडलं. खुर्च्यांची रबरं तडकली होती, सीट उंदरांनी कुरतडल्या होत्या. चाळीसपैकी अकरा चालल्या. बाकीच्यांचं निर्लेखन केलं, म्हणजे निकामी म्हणून त्यांची नावं वहीतून काढली. नव्या खुर्च्यांची मागणी मीच लिहिली. तिला मंजुरी आठवड्यात आली. मी अक्षरशः शिव्या घातल्या, अर्थात मनात.

मतदानादिवशी मामांच्या केंद्रावर गेलो. पुतण्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर उचलून आणलं होतं. गेटवर त्यांना नव्याकोऱ्या व्हीलचेअरवर बसवलं. फोटो झाला, मत देऊन झालं. बाहेर आल्यावर मामांनी दोन्ही हातांनी चाकं फिरवली आणि शाळेच्या मैदानात एकट्यानं चक्कर मारली.

“लई हलकी चालती ओ साहेब.”

तेवढ्यात केंद्रावरचा कर्मचारी आला. “बाबा, झालं ना मतदान? उतरा आता.”

खुर्चीसाठी दुसरं कुणी थांबलेलं नव्हतं. मामांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, “मामा, नियम आहे.”

“व्हय साहेब. पडलो तवा बी म्या तुमच्याच नियमानं कामावर व्हतो.”

पुतण्यांनी त्यांना उचलून पुन्हा प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलं. व्हीलचेअर गेटवर रिकामी उभी राहिली.

मामांचा तो फोटो आमच्या अहवालात पहिल्या पानावर लागला. मला प्रमोशनही मिळालं. निरोप समारंभात तहसीलदारांनी मुद्दाम सांगितलं, की माझ्या काळात शाखेवर ऑडिटचा एकही आक्षेप निघाला नाही. खरंच निघाला नाही. प्रिंटरसुद्धा रजिस्टरला व्यवस्थित आहे. ‘सध्या कुठे’ या रकान्यात ‘कार्यालय’ असं लिहिलंय, आणि ते अक्षर माझं आहे.