शिंगं दिसून राहिली का

पाण्यात बसलेल्या म्हशी पाहून हात जोडणारा माणूस साऱ्या हिंगोली जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. आमचे दाजी. वसमतच्या एका कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण सारा जीव लेक्टिन नावाच्या एका प्रथिनात. झाडाच्या पेशीची कातडी स्निग्धाची, म्हणजे तेलातुपाच्या जातीच्या रेणूंची असते, त्यातल्या काही रेणूंच्या डोक्यावर साखर असते, आणि लेक्टिन ती नेमकी साखर ओळखून घट्ट धरतं. एवढंच! पण फळ्यावर सांगून दाजींचं समाधान होईना. दरसाल ते अख्खा वर्ग एसटीनं सिद्धेश्वरच्या धरणावर नेत. "बघा, अंग पाण्यात, शिंगं वर! तसं स्निग्धाचं अंग कातडीत बुडालेलं, साखर तेवढी बाहेर. आता तो गुराखी बघा, नुसत्या शिंगांवरून आपली म्हैस बराबर ओळखून राहिला. त्याला डोळे तरी हायेत. लेक्टिनला न्हाईत, तरी चुकत न्हाई, बाबांनो!" आणि खरोखर हात जोडत. पोरं खिदळत, म्हशी मात्र शांतपणे ऐकून घेत.

माझ्या लग्नात घेवड्याची उसळ कच्ची राहिली, तर या गृहस्थांनी पंगतच थांबवली. "लेक्टिन अजून जित्तं हाय, आतड्याला जाऊन धरील!" माझ्या सासऱ्यांना वाटलं, आमच्याकडच्या जावयाचा मानपान राहिला. बिचारे टॉवेल-टोपी घेऊन धावले.

पण एक सल होता. जन्मभर जे शिकवलं, ते दाजींनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजात तसलं यंत्र कुठून येणार? रिटायर झाले आणि काचबिंदूनं नजर जायला लागली. अखेर पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या त्यांच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला, "सर, लेक्टिनला चमकणारा रंग लावलाय. लवकर या." मी सोबत गेलो.

दाजी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कितीतरी वेळ बसले. मग हळूच म्हणाले, "अंधारच हाय रे. तू बघ."

मी साधा हळदीचा व्यापारी. पण पाहिलं आणि अंगावर काटा आला. काळ्याभोर अंधारात एकेका पेशीच्या काठानं बारीक हिरवी कड उजळली होती. आत काही नाही, बाहेर काही नाही, फक्त काठावर.

"काय दिसतं?" दाजींनी माझं मनगट धरलं.

"दाजी, म्हशी बसल्यात."

"शिंगं दिसून राहिली का?"

"व्हय. सगळी चमकून राहिलीत."

"म्हंजी चुकलं न्हाई ते," असं म्हणून त्यांनी हात जोडले. पण समोर नुसती भिंत होती, यंत्र जरा डावीकडे होतं. त्या विद्यार्थिनीनं त्यांची खुर्ची हळूच तिकडे वळवली.