इलोना नेनींचं 'मेन्नेक'

कराडच्या आमच्या घरासमोर टॅक्सी उभी होती आणि आईच्या सूचना संपत नव्हत्या. डबा वरच ठेव. पासपोर्ट सारखा बाहेर काढू नकोस. तिकडे वारं फार असतं, कान झाक. पोचलीस की आधी फोन कर, मग आंघोळ. आप्पा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. ते बॅगेवरचं पत्त्याचं लेबल पुन्हा एकदा वाचत उभे होते. टॅक्सी हलली तेव्हा खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "तुला तिथं बोलायला माणसं भेटोत."

मी हसले होते. ऑकलंडला माणसांची काय कमी, असं वाटलं. पण एक वर्षाच्या डिप्लोमासाठी येऊन तीन आठवडे झाले, तरी माझं बोलणं "हॅलो", "थँक यू" आणि बस ड्रायव्हरला "चिअर्स" यापुढे गेलं नव्हतं. तुमच्यातले जे माझ्यासारखे उठून कुठेकुठे गेले, त्यांना हे तीन आठवडे माहीत असतील. मागे राहिलेल्यांना फोनवर आम्ही ते कधी सांगितले नाहीत.

मग अवोन्डेल या ऑकलंडच्या उपनगरात एका घरात मला खोली मिळाली. घरमालकीण सत्तरीच्या आसपासच्या, एकट्या, इलोना नावाच्या. मूळच्या हंगेरीच्या. १९५६ साली तिथलं सोव्हिएत सत्तेविरुद्धचं बंड चिरडलं गेलं तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. आईचा हात धरून सीमा ओलांडली आणि शेवटी बोटीनं न्यूझीलंडला आल्या. वडील मागून येणार होते, ते आले नाहीत. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं की आपल्याला नुसतं इलोना म्हणायचं नाही, इलोना नेनी म्हणायचं. त्यांच्याकडे मोठ्या बाईला नेनी म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. मला ते एकदम घरच्यासारखं वाटलं. इथे सगळे सगळ्यांना नावानं हाका मारत होते आणि माझी जीभ वळत नव्हती.

तरी पहिला महिना मी त्यांना घाबरूनच होते. कारण त्या माझ्या चुका दाखवतात असं मला वाटायचं. मी स्वयंपाकघरात आले की त्या इंग्रजीत म्हणायच्या, "तू रोज भात खातेस." किंवा, "तू उद्या उशिरा येतेस." मी ओशाळून सॉरी म्हणायचे. एकदा म्हणाल्या, "तुला घराची आठवण येते." मी मान खाली घालून भांडी घासत राहिले. त्या थांबल्या, पुन्हा तेच म्हणाल्या, जरा मोठ्यानं. मग वैतागून म्हणाल्या, की मुली, मी विचारतेय.

तो प्रश्न होता. आधीचेही सगळे प्रश्नच होते. हंगेरियनमध्ये साधा हो-नाहीचा प्रश्न विचारताना शब्द बदलत नाहीत, बदलतो तो आवाज. तो शेवटच्या अक्षराच्या जरा आधी चढतो आणि शेवटी खाली येतो. आपण "येतेस?" म्हणताना आवाज शेवटाला चढवतो. इथले लोकही तसंच करतात. त्यामुळे पन्नासहून जास्त वर्षं इंग्रजी बोलूनही नेनींचे प्रश्न कुणाला प्रश्न वाटत नव्हते. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला, म्हणजे इथल्या किराणा दुकानदाराला, त्या "तुझ्याकडे ताजा ब्रेड आहे" असं सांगायच्या आणि तो "येस, थँक यू" म्हणून गल्ल्यावर तसाच उभा राहायचा. त्या दिवशी आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून पोट धरून हसलो, आणि मग मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. हो, येते आठवण.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं ते थांबलं नाही. रविवारी अवोन्डेलच्या बाजारातून त्या ढीगभर ढोबळ्या मिरच्या आणायच्या, मी मेथी. त्या कांदा, मिरची, टोमॅटोचा लेचो करायच्या आणि करता करता मला वाक्यं शिकवायच्या. हे मी आप्पांना फोनवर सांगितलं तर त्यांचा आवाजच बदलला. निवृत्तीनंतर त्यांना काय करावं सुचत नव्हतं. त्यांनी विचारलं, "क्रियापदाचे अर्थ किती आहेत त्यांच्यात?" मी नेनींना विचारून सांगितलं की तीन: सांगण्याचा, आज्ञेचा आणि "झालं असतं तर"चा. आप्पा म्हणाले, आपले चार. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. मग त्यांच्यात "यावं", "करावं" कशानं म्हणतात? नेनी म्हणाल्या, आज्ञार्थानंच. आप्पांना हे फार आवडलं. हुकूम आणि इच्छा एकाच खुंटीला टांगतात म्हणजे, असं म्हणाले. नेनींनी उलट निरोप दिला की आमच्या शाळेत मात्र इच्छेच्या वाक्याला वेगळा प्रकार मानतात. वाक्यं पाच तऱ्हेची, त्यातली एक नुसती "असं होवो तर किती बरं" म्हणण्यासाठी. आप्पांनी ते वहीत लिहून घेतलं.

असे निरोप वर्षभर चालले. दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. आप्पांनी "जा" हे क्रियापद पूर्ण मागवलं. त्यांचं म्हणणं होतं की जाण्याचं क्रियापद बहुतेक भाषांत वेडंवाकडं चालतं. आपण जातो पण गेलो. इंग्रजीतही तेच. नेनींकडेही तसंच निघालं, आणि मी ते सगळं कागदावर देवनागरीत लिहून पाठवलं. मेन्य, जा. मेन्येक?, जाऊ का? मेन्नेक, जाईन म्हणते, जायला आवडेल. कानाला तिन्ही जवळजवळ सारखी. नेनी म्हणायच्या, मेन्नेकमध्ये जीभ "न"वर नीट टेकव आणि "ने" लांबव, नाहीतर हुकूम होईल.

त्यांना काही मागायचं झालं तर त्या कधीही "हवं" म्हणत नसत. "हवं असतं" असं म्हणत. मी सांगितलं, आमच्याकडेही शेजारीण दारात येऊन "थोडं विरजण हवं होतं" म्हणते, जणू गरज कालच होऊन गेली. वडिलांबद्दल बोलताना तर त्या नेहमीच तशा बोलायच्या. ते आले असते. त्यांनी हे झाड लावलं असतं. "ते आले नाहीत" हे साधं वाक्य मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.

डिप्लोमा झाला, एका लॅबमध्ये नोकरी लागली, नाशिकच्या निखिलशी इथेच ओळख होऊन लग्न झालं, आम्ही शहराच्या दक्षिण टोकाला, पापाकुराला घर घेतलं. सई झाली. नेनींकडे महिन्यातून एखाद्या रविवारी जाणं मात्र सुटलं नाही.

त्यांना एक मुलगा होता, पीटर. पन्नाशी उलटलेला, शहराच्या उत्तर टोकाला, अल्बनीला राहायचा. मी त्याला दोन-तीनदाच पाहिलं होतं. ख्रिसमसला यायचा, लॉन कापून द्यायचा, चहा न घेता जायचा. वीस वर्षांचा असताना त्याचं आईशी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि त्यानं घर सोडलं होतं, एवढं नेनींनीच एकदा सांगितलं. आणि मिरच्या चिरायला घेतल्या.

तीन वर्षांपूर्वी नेनींना स्ट्रोक आला. पीटरचा मेसेज आला आणि मी कामावरून थेट हॉस्पिटलला गेले. तो वॉर्डाबाहेर खुर्चीवर बसला होता. मला पाहून म्हणाला, तिचं इंग्रजी गेलंय. सगळंच. उजवा हात चालत नव्हता, बोलणं अडखळत होतं आणि जे थोडं येत होतं ते हंगेरियन होतं. नर्सनं फोनवरून दुभाष्याची सोय केली होती, पण नेनींचे तुटके शब्द त्याला फोनवर लागेनात. आणि ठरवायचं तर होतं. अवोन्डेलच्या घरात त्या आता एकट्या राहू शकणार नव्हत्या. वृद्धाश्रम की पीटरचं घर, असा प्रश्न होता. पीटरनं तो इंग्रजीत, हातवारे करून विचारला होता.

"तिनं मला जा म्हटलं," तो म्हणाला. "दोनदा. मी घर सोडलं तेव्हा म्हणाली होती, तोच शब्द. माझ्या बॅगा दारात होत्या आणि ती म्हणाली होती, मेन्य."

तो रडत नव्हता. हातातला कागदी कप नुसता गोल फिरवत होता. म्हणाला, वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर आता सही करतो, तिला तेच हवंय.

मी आत गेले. नेनींनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. चेहरा एका बाजूनं ओघळला होता, पण डोळे त्यांचेच होते. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्या म्हणाल्या, पुन्हा म्हणाल्या, आणि मला "ने" ऐकू आलं. लांब, ओढलेलं. मेन्नेक.

माझं हंगेरियन ओट्याशी शिकलेलं. मी चुकीचं ऐकलं असेल तर? एका बाईचं उरलेलं आयुष्य आणि तिचा मुलगा, दोन्ही माझ्या कानावर टांगलेले होते. कदाचित ते "मेन्येक" असेल, जाऊ का? पण काही झालं तरी ते "जा" नव्हतं. मला एवढंच सुचलं की आणखी एक प्रश्न विचारावा, त्यांच्याच भाषेतला, सोपा. मी म्हटलं, "किवेल, नेनी?" कुणाबरोबर?

त्यांना फार वेळ लागला. ओठ जुळत नव्हते. मी घाई केली नाही. शेवटी त्यांनी दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पेतेररेल." पीटरबरोबर.

मी बाहेर येऊन पीटरला सांगितलं. "त्या जा म्हणत नाहीयेत. त्यांना तुझ्याबरोबर जायला आवडेल, असं म्हणतायत. त्या हुकूम करत नाहीयेत, म्हणून तुला ओळखू आलं नाही."

त्यानं कप खुर्चीखाली ठेवला. मग म्हणाला, "मला फक्त हुकूमच येतात. ये, खा, झोप, जा. मला घरात तेवढंच हंगेरियन मिळालं. बाकीचं ती तिच्या आईशी बोलायची."

मी म्हटलं, मग त्यातलं एखादं पुरेल. तो उठला, आत गेला, पलंगाच्या कठड्यावर वाकला आणि लहान मुलासारखा, चाचरत म्हणाला, "ग्येरे, ऑन्यु." ये, आई. नेनी त्याचा कान धरून हसल्या. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण हसल्या. आज्ञार्थ इतका मऊ असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या दिवशी ट्रेननं पापाकुराला परतताना मी पीटरचे चार शब्द मनात मोजत होते. दार उघडलं आणि सई समोर आली. ती तेव्हा चार वर्षांची होती. मी तोंड उघडलं आणि ऐकलं, मीच बोलत होते: चपला बाहेर काढ. हात धू. पसारा उचल. जेवायला चल. तिनं नेहमीसारखं इंग्रजीत "ओके, मम्मा" म्हटलं. तिला मराठी कळतं, असं मी सगळ्यांना अभिमानानं सांगायचे. तिला मराठीतून काय कळत होतं, ते मला त्या क्षणी कळलं. गोष्टी, गंमत, माझी भीती, माझं लहानपण, हे सगळं मी तिला इंग्रजीत देत होते, लवकर समजावं म्हणून. मराठी राहिली होती कामं सांगायला.

त्या संध्याकाळी वरणभात कालवता कालवता मी तिला मराठीतून नेनींची गोष्ट सांगितली. तिनं मध्येच विचारलं, तू एवढं का बोलतेयस? इंग्रजीतच विचारलं. मी सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी बालवाडीत काय झालं ते मराठीत विचारलं, आणि ती इंग्रजीत बोलली तरी ऐकून घेतलं. मग "तुला पंख असते तर?" असे खेळ सुरू केले. सहा महिने उत्तरं इंग्रजीतच आली. मी कधी कंटाळायचे, कधी रागावून पुन्हा हुकमांवर यायचे. पण सोडलं नाही.

नेनी पीटरच्या घरी दोन वर्षं राहिल्या. मी शहरातून बस धरून अल्बनीला जायचे. इंग्रजी थोडंसंच परत आलं, त्यामुळे पीटर आठवड्यातून एकदा हंगेरियनच्या ऑनलाइन क्लासला बसायला लागला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. नेनी त्याच्या चुका ऐकून खूश व्हायच्या. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शांतपणे गेल्या. आप्पांना फोन केला तर ते आधी ती जुनी वही काढून बसले. मग म्हणाले, "मोठ्या विदुषी होत्या." नेनींची शाळा बाराव्या वर्षीच सुटली होती, पण आप्पांचं म्हणणं मला पटलं.

कराडला गेले की मैत्रिणी विचारतात, तिकडे जाऊन तुला काय मिळालं ग? घर, गाडी, स्वच्छ हवा हे सांगून होतं. पण खरं उत्तर हे आहे की परक्या देशात एका परक्या बाईनं मला स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं करून माझं तोडकंमोडकं बोलणं पूर्ण होईपर्यंत ऐकलं. घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं, तर मला ते ऐकणं आठवतं. त्याबद्दल मी फार कृतज्ञ आहे.

गेल्या महिन्यात आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. सई आता सात वर्षांची आहे. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आजोबा, तुम्ही इकडे आलात तर मी तुम्हाला बीचवर नेली असती."

वाक्यात दोन चुका होत्या. तीस वर्षं लाल शाई वापरलेल्या माणसाच्या त्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बरं," ते म्हणाले, "मग तिथं आपण काय केलं असतं?"

आणि सई सांगायला लागली.