दोघीही मुलीच आहेत

चिक्कडपल्लीच्या त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. तो मुळात मासे विकणारा माणूस. काचेच्या टाक्या, पोपटांचे पिंजरे आणि कोपऱ्यातल्या एका प्लास्टिकच्या टबात दहा-बारा उंदीर, काही पांढरे, काही चॉकलेटी डागांचे. त्याने त्यातले दोन शेपटीला धरून उचलले, माझ्यासमोर धरले आणि म्हणाला, "दोनों मादा है मॅडम, टेन्शन नक्को." माझी दहा वर्षांची मुलगी त्याच्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. आई इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना झूलॉजी शिकवते, आणि आपण जन्मायच्या आधीपासून शिकवते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी बघितलं. म्हणजे बघितल्यासारखं केलं. जवळचा चष्मा पर्समध्ये होता. शेजारी दोन पुरुष माशांचं खाणं घ्यायला उभे होते, आणि चारचौघांत उंदराची शेपटी वर करून खालच्या दोन छिद्रांमधलं अंतर न्याहाळायची मला लाज वाटली. वर्गात हेच मी साठ मुलांसमोर फळ्यावर आकृती काढून सांगते: नरात अंतर जास्त, मादीत कमी. तिथे माझी जीभ कधी अडखळलेली नाही. दुकानात मात्र मी तीन सेकंद मान वाकडी केली आणि अगदी जाणकार आवाजात म्हणाले, "हो, दोघीही मुलीच आहेत." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलीच्या खोलीत खिडकीखाली एक मोठा टब, त्यावर जाळीचं झाकण, आत कागदाचे कपटे, अशी सोय झाली. एक पांढरी, एक डागांची. तीन आठवड्यांत पांढरी चांगलीच गरगरीत झाली. "आमच्या घरचं खाणं मानवलं हिला," मी म्हणाले. मग एके सकाळी मुलीची हाक आली, "आई, पळत ये! टबमध्ये शेंगदाणे हलतायत!"

नऊ होते. भिजवून सोललेल्या शेंगदाण्यांसारखेच गुलाबी, डोळे मिटलेले. मुलगी आनंदाने थरथरत होती. हे दाढीचा फेस तसाच ठेवून दारात येऊन उभे राहिले. पुण्याचे असल्यामुळे वाक्य तयारच होतं. "वा! भरवशाच्या म्हशीला टोणगा," असं म्हणून पुन्हा आरशासमोर गेले. मला हसू आलं, आणि रागही आला, कारण म्हण नेमकी बसली होती.

डागांच्या 'मुलीला' मी संध्याकाळी कॉलेजमधून आल्यावर वेगळं काढलं. सकाळीच काढायला हवं होतं. उंदरीण व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते हे मी वाचलेलं होतं, एकदा वर्गात सांगितलंही होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात पुस्तक नव्हतं, माझी आई होती. माझं बाळंतपण तिने केलं तेव्हा तिचा एकच कायदा होता: सव्वा महिना. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला कुणी हलवायचं नाही, वेगळं करायचं नाही, पुढचा विचारसुद्धा करायचा नाही. मी तोच कायदा उंदरांना लावला. मुलीला म्हणाले, "आता सव्वा महिना काळजी नाही. पिल्लांना आईजवळ राहू दे." उंदरांचा सव्वा महिना म्हणजे अर्धं तारुण्य, हे शिकवणारी बाई मीच.

दहाव्या दिवशीची गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते. मी जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत होते. मुलगी वही घेऊन आली. "आई, पाच पिल्लांच्या पोटावर छोटे छोटे डॉट्स आहेत, बटनांच्या लाइनसारखे. चौघांना नाहीत. असं कायको?"

ते ठिपके म्हणजे स्तनाग्रं. त्या वयात मादी ओळखायची त्याहून सोपी खूण नाही. चार दिवसांत लव दाट झाली की ती झाकून जाते. माझ्या मुलीने कुणी न शिकवता, नुसत्या डोळ्यांनी ती शोधून काढली होती. आणि मी लाल पेन न थांबवता म्हणाले, "डास चावले असतील." मग जाऊन तिने वहीत नऊही पिल्लांची चित्रं काढली, कुणाचे डाग कुठे आहेत ते रंगवून, आणि पाच जणांपुढे 'डॉट्स' असं लिहिलं.

आणखी दहा-बारा दिवसांनी पांढरी पुन्हा व्यायली. आठ. हे या वेळी दारात आलेच नाहीत, आणि ते जास्त लागलं.

सव्वा महिना झाल्यावर मी एका रविवारी मुलं-मुली वेगळ्या करायला बसले. दोन टब घेतले. मुलगी वही घेऊन शेजारी बसली. उंदीर हातात घाबरला की नराची खूण पोटात ओढून घेतो, आणि माझ्या हातात ते सगळेच घाबरत होते, कारण माझा हात घाबरलेला होता. पाठीवर डाग असलेल्या एकाला मी मुलींच्या टबात सोडलं.

"आई, तो मुलगा आहे. त्याला डॉट्स नव्हते. मी लिहिलंय ना."

"झूलॉजी कोण शिकवतं, तू का मी?"

तिने वही मिटली. उरलेल्या पिल्लांच्या वेळी तिने ती उघडली नाही. मी विचारलंही नाही.

खरं तर तोपर्यंत उशीरच झाला होता. सगळी भावंडं सव्वा महिना एकत्र होती, त्यातल्या दोघी-तिघींना दिवस गेलेच असतील. पण पाठीवर डाग असलेला तो एकटा पुढे जे करत राहिला त्याचं श्रेय पूर्ण माझं. बघता बघता मुलींच्या टबात चार बाळंतपणं झाली. घरात पाऊल टाकलं की वास यायचा. कामाची बाई त्या खोलीत झाडू मारेना. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये अतिशय नम्रपणे विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे काही प्रॉब्लेम आहे का?" मी कॉलेजमध्ये सगळ्यांना विचारलं, चार पिल्लं कशीबशी खपवली. तरी चाळिसाच्या वर उरले. मग एक दिवस जेवताना हे शांतपणे म्हणाले, "हे आता थांबवायला हवं. कसं ते तू ठरव, त्यातलं तुला कळतं."

मी मुलीला सांगितलं की सिकंदराबादला एक शाळा आहे. तिथल्या सायन्स रूममध्ये मोठे पिंजरे आहेत, मुलं रोज खाऊ घालतात, त्यांना आपले उंदीर हवे आहेत. हे सगळं मी भाजी चिरता चिरता रचलं. अशी शाळा कुठे आहे का, हे शोधायला मी एक फोनही केला नव्हता. केला असता तर कदाचित सापडलीही असती. ही गोष्ट मी स्वतःपासून लपवू शकत नाही.

ती रडली, मग कबूल झाली. पांढरी आणि तिची वाकड्या शेपटीची एक मुलगी, एवढ्या दोघी ठेवायच्या असं ठरलं. त्या रात्री उशिरापर्यंत बसून तिने शाळेसाठी तीन पानं लिहिली. प्रत्येक उंदराचं चित्र, मुलगा की मुलगी, कोण चावतं, कुणाला काकडी आवडते, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत: बॉईज आणि गर्ल्स मिक्स करू नका. "आई, तिथल्या मॅडमना हे नक्की दे," ती म्हणाली, "नाहीतर त्या पण परेशान होतील."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना मी दोन्ही टब ऑटोत घालून चिक्कडपल्लीला गेले. दुकानदार खूश झाला. फुकटात एवढे उंदीर कोण देतं? मला काहीतरी नीटनेटकं केल्याचं समाधान हवं होतं, म्हणून मी ती तीन पानं त्याच्या हातात दिली. "इसमें लिखा है, कौन नर है, कौन मादा. मिक्स मत करना."

त्याने चित्रं बघितली आणि हसला. वाईट हसला नाही, कौतुकानेच हसला. "मछली कू क्या फरक पडता मॅडम, नर हो या मादा?"

त्याच्या मागे एक लांबलचक टाकी होती. त्यात एकच मासा होता, हातभर लांब, रुपेरी, मोठ्या लोकांच्या ऑफिसात शुभ म्हणून ठेवतात तसला. तो पाण्याच्या अगदी वरच्या थरात, तोंड वर करून, वरून खाणं पडायची वाट बघत फिरत होता.

मला कळलं. न कळल्याचं सोंग आणायलाही जागा नव्हती. टब अजून माझ्यासमोर होते, झाकणं लावलेली होती. ऑटो दारात उभा होता. "नको, परत नेते," एवढं म्हणायचं होतं. मला त्या खोलीचा वास आठवला, लिफ्टमधला तो नम्र आवाज आठवला, आणि मी म्हणाले, "टब रिकामे करून द्या. घरी लागतात."

त्याने दोन्ही टब त्याच्या एका टबात उपडे केले. सगळे एकत्र. ते घाबरून एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढले. पाठीवर डाग असलेला सगळ्यांत वर होता. तो नर होता, मला लांबूनही स्पष्ट दिसत होतं.

"कागद दिलास?" मुलीने दारातच विचारलं.

"दिला."

त्याला आता पाच महिने झाले. घरात त्या दोघी उंदरिणी सुखाने राहतात; नशिबाने त्यांना दिवस गेलेले नव्हते. मी त्यांना चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात, पाच पाच मिनिटं तपासलं आहे. खरं सांगून टाकावं असं मला दर काही दिवसांनी वाटतं. मग ती शाळेतून येते, दप्तर टाकते, टबाजवळ बसून त्यांना सांगते की तुमची सगळी फॅमिली सिकंदराबादला आहे, आणि माझं धैर्य संपतं. ती मोठी झाल्यावर सांगेन म्हणते. तेव्हाही माझा उद्देश तिला खरं कळावं हा नसेल, माझं ओझं उतरावं हाच असेल.

रविवारी तिचा एक ठरलेला प्रश्न असतो. तिथल्या मॅडमनी कितीही सांभाळलं तरी एखादा मुलगा चुकून मुलींत राहणारच, आपल्याकडे राहिला तसा, असं तिचं म्हणणं. "मग आत्तापर्यंत किती झाले असतील गं? तू झूलॉजी टीचर आहेस, सांग ना." मी कागद-पेन घेते. एका मादीला इतकी, त्यांतल्या निम्म्या माद्या, त्यांना पुन्हा इतकी, असं तिच्यासमोर मांडत जाते. गणितात मी चुकत नाही.

गेल्या रविवारी उत्तर तीनशेच्या पुढे गेलं. तिने तो आकडा दोनदा वाचला, तिचे डोळे मोठे झाले. मग ती माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आपल्याकडे एवढे मावलेच नसते. बरं झालं आई, तू त्यांना तिथे नेऊन सोडलंस."