वढलेली शिट्टी

…तर पट्टा बदलून झाला, पट्ट्यामागचं बेअरिंगही बदलून झालं, आणि तरी आपल्या कल्याणच्या मोटारीची शिट्टी काही थांबेना, इथवर आपण काल आलो होतो. शिट्टी म्हणजे अशी, की बॉनेटखाली कुणी लग्नातली पिपाणी घेऊन बसलंय. गाडी पळायला लागली की आवाज बुजायचा, गतिरोधकापाशी मंदावली की पुन्हा सुरू. नगरच्या गॅरेजवाल्यानं लॅपटॉप जोडून पाहिला आणि शुक्रवारी निकाल दिला : इंजिन उतरवावं लागेल, गाडी आठ दिवस ठेवून जा.

आता आठ दिवस आणायचे कुठून? कल्याणच्या आईला, केशरबाईला, सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिसला नगरला न्यावं लागायचं. कर्जतहून पाऊणशे किलोमीटर. जाताना म्हातारी सगळ्या गावाची उणीदुणी काढत जायची आणि येताना मागच्या सीटवर मुटकुळं करून पडायची. एसटीत तिला आडवं कोण होऊ देणार? गाडी ठेवावी तर आईचे तीन फेरे चुकतात, न ठेवावी तर वाटेत कुठं बंद पडते देव जाणे.

रविवारी सकाळी केशरबाईच म्हणाली, अजिनाथकडं चल. कल्याणला हसूच आलं. अजिनाथ म्हणजे राशीन रस्त्याला लिंबाखाली पत्र्याचं शेड टाकून बसलेला सातवी नापास गडी. जन्म गेला विहिरीवरच्या ऑइल इंजिनांत. पण त्याचे कान! पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या सांगायचा, अमक्याचं इंजिन सुरू झालं, तमक्याचं अजून न्हाई. एकदा लग्नाच्या पंगतीत जिलबी मोडता मोडता म्हणाला, भागवतच्या इंजिनाला सर्दी झालीय. लोक हसले. पंगत उठायच्या आत मळ्यातून निरोप आला, भागवतचं इंजिन बंद पडलं. तरी कल्याणला वाटायचं, ती इंजिनं निराळी, ही काँप्युटरची गाडी निराळी. आईपुढं मात्र त्याचं चाललं नाही.

अजिनाथनं गाडीला हातसुद्धा लावला नाही. आधी शेजारच्या चहाच्या टपरीवरचा रेडिओ बंद करायला लावला, मग गाडी चालू ठेवून बंपरजवळ उकिडवा बसला आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. कल्याणला वाटलं, ह्याला झोप लागली.

डोळे न उघडता अजिनाथ म्हणाला, "शिट्टी दोन जातीची आस्ती. एक आतनं भाईर फुकलेली, एक भाईरनं आत वढलेली. ही वढलेली हाय."

मग उठून त्यानं इंजिनच्या डोक्यावरचं, तेल ओतायचं झाकण फिरवलं. ते सहज निघेना, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. शेवटी निघालं, आणि त्याच क्षणी शिट्टी तुटली. इंजिन जरा लंगडलं, पण शिट्टी नाही. तीन महिने डोकं उठवणारा आवाज एका झाकणासरशी गेला होता.

अजिनाथनं कमरेची चंची सोडली, त्यातलं एक विड्याचं पान पाण्यानं पुसलं आणि त्या उघड्या भोकावर अलगद ठेवलं.

आता हे बघून आपल्या माणसाला काय वाटणार? केशरबाईनं डोक्यावर पदर घेतला. कल्याणनं नकळत चपला काढल्या. म्हातारीला वाटलं, विडा मांडला, मग सुपारी नको? तिनं आपल्या पिशवीतली सुपारी काढून पानावर ठेवायला हात पुढं केला.

अजिनाथनं तो हात वरच्यावर धरला. म्हणाला, "आक्का, सुपारी आत पडली तर खरंच इंजिन उतरावं लागंल."

आणि मग त्यानं पानाकडं बोट केलं. पान मधोमध खोल बसत चाललं होतं, पुरणासाठी खळगा केलेल्या उंड्यासारखं. आतून कुणीतरी दम घेऊन ते ओढत होतं. तिघंही वाकून बघत राहिले.

मग त्यानं उलगडून सांगितलं. इंजिनच्या पोटात थोडा धूर उतरतोच. तो ओढून घेऊन परत जाळायला वर एक नळी असते, आणि ओढ बेताची राहावी म्हणून तिथं एक झडप, आत रबराचा पातळ पडदा. पडदा फाटला की ओढीला धरबंध राहत नाही. पोट बंद आणि ओढ मोठी, मग इंजिन फिरत्या दांड्याच्या रबरी सीलमधून, मिळेल त्या फटीतून वारं ओढून घेतं. तीच शिट्टी. झाकण काढलं की वाऱ्याला मोठी वाट मिळते, म्हणून ती थांबते. उतरवायला इंजिनाला काही झालेलंच नाही.

शेडमागं बाभळीखाली त्याच जातीची एक अपघाताची गाडी उभी होती. तिची झडप काढून अजिनाथनं ह्या गाडीला बसवली. जुनी उघडून दाखवली, तर पडद्याला नखाएवढी चीर. एवढ्याशा चिरेपायी आठ दिवस चालले होते.

गाडी पुन्हा चालू केली. शिट्टी नाही. झाकण काढून त्यानं दुसरं पान ठेवलं. ते नुसतं थरथरत राहिलं, खोल गेलं नाही. केशरबाईनं त्या पानाला हात जोडले, आणि ह्या खेपेला कल्याणलाही हसू आलं नाही.

त्यानं विचारलं, "मामा, लॅपटॉपला जे कळलं न्हाई ते पानाला कसं कळलं?"

अजिनाथ हात पुसत म्हणाला, "पानाला काय कळतंय? पान माझं खायाचं हुतं. शिट्टी फुकलेली का वढलेली, येवढं कुनी त्या लॅपटॉपला इचारलंच न्हाई. उद्या आक्काला घिऊन बिनघोर जा. आन येताना नगरवरनं धा पानं आन, माझी दोन तेलात गेली."