जवळ्याचं घराणं

"ह्याचं घराणं कुठलं?" हातात काहीही घेतलं की काकांचा हा प्रश्न ठरलेला. लालबागला माझं मसाल्या-चटण्यांचं दुकान. काका समोरच्या चाळीत एकटेच राहायचे. सकाळी दुकान उघडलं की आतल्या स्टुलावर येऊन बसायचे, एखादी वेलची उचलायचे, हुंगायचे नि विचारायचे.

"खाऊन टाका हो, सोयरीक जमवायचीय का?" मी म्हणायचे.

त्यांचं अख्खं आयुष्य जपानी भाषांतरात गेलेलं. त्यांचं म्हणणं, वाक्यं सोपी असतात. कुठली वस्तू कुठल्या खणात ठेवायची हे ठरवताना घाम फुटतो. "देवमाशाला आपण मासा म्हणतो. जपानी लोकही त्याच्या अक्षरात मासाच काढतात. एकटं शास्त्र नाही म्हणतं. आता बोल!" काय बोलणार, कपाळ? ऐकायला मजा यायची, पण गिऱ्हाईक खोळंबायचं.

मग माझ्या जवळ्याच्या चटणीला जपानहून मागणी आली. परदेशातली पहिलीच! लेबल लिहायचं काम अर्थात काकांकडे. तुम्ही मासे खाणारे असाल तर सांगा, जवळ्याला कधी कोळंबी म्हटलंय? जवळा तो जवळा. मी म्हटलं, "लिहा पटकन आणि मोकळे व्हा."

काका अडून बसले. जपानीत म्हणे दोन शब्द. 'आमी' म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा, पण वेगळ्या घराण्याचा बारीक जीव. 'एबी' म्हणजे कोळंबी. एबी असेल तर पाकिटावर लिहावंच लागतं, कारण काही मुलांना ती खाल्ली की श्वास घेता येत नाही. तिकडच्या व्यापाऱ्याला 'आमी'च हवं होतं. एबी लिहिलंत तर माल उचलणार नाही, म्हणाला.

काका भिंग घेऊन जवळ्याचे पाय नि मिशा बघत बसले. मासळीचं शास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना फोन करून करून भंडावलं. शेवटी म्हणाले, "बाय, कोळंबीच्याच घराण्यातला आहे गो हा. एबी."

"अहो, कोण बघायला येतंय?"

"कुणाचं तरी पोर खाईल ना."

एबीच छापलं. मागणी गेली. मी रडले, त्यांच्याशी बोलेनाशी झाले. ते मात्र रोज येऊन बसायचे. अबोला धरणार तरी किती? एके दिवशी चहाचा कप पुढे केला, तर चहाचं घराणं सुरू! छापलेली लेबलं वाया कशाला घालवा, म्हणून इथल्याच पाकिटांना चिकटवली.

गेल्या गणपतीआधी काका गेले. स्टूल मी हलवलेलं नाही.

परवा एक जपानी बाई मुलीला घेऊन दुकानात आली. पोरगी असेल सात-आठ वर्षांची. ओळखीची अक्षरं दिसल्यावर तिने चटणीचं पाकीट उचललं, बोट ठेवत ठेवत वाचलं आणि एकदम थांबली. "एबी," ती आईला म्हणाली. आईने घाबरून पाकीट हातातून काढून घेतलं, पुन्हा पुन्हा वाचलं आणि जागेवर ठेवलं. मग मला दोनदा वाकून नमस्कार केला. मुलीने कैरीचं लोणचं घेतलं.

त्या गेल्यावर मी स्टुलाकडे वळले. दुकानात माणसं होती, तरी मोठ्याने म्हटलं, "काका, आलं हो ते पोर."